पुढच्या वर्षीचे फोटो

वाचनालयाचं भिंतीवरचं घड्याळ खोलताना चिमटीला ते परत जोडायची अजिबात धास्ती वाटली नव्हती. चाक काढण्याआधी एक फोटो, काढल्यावर दुसरा, ही तिची पद्धत. घरातला टॅब्लेट स्टँडवर उभा करायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात आणि फोटो आपोआप क्लाउडवर चढून दुकानातल्या कॉम्प्युटरवर उतरतात. निदान आजवर उतरायचे. आज सकाळी तिने घासूनपुसून लखलखीत केलेली चाकं पांढऱ्या कापडावर मांडली, कॉम्प्युटर उघडला, तर वाचनालयाच्या घड्याळाचा एकही फोटो तिथे नव्हता. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

चिमटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी दुकानात आली की खेळणी सोडून बाबांचा चिमटाच पळवायची, म्हणून बाबांनी ते ठेवलं, आणि आता ती चाळिशीला टेकली तरी सुटलेलं नाही. बाबा म्हणजे जुने, नावाजलेले घड्याळजी. एकदा खोललेलं घड्याळ त्यांच्या डोक्यात जसंच्या तसं बसायचं. फोटो काढून घड्याळ जोडतात होय, असं ते आल्यागेल्याला ऐकवायचे, आणि लेक ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पण हात थरथरायला लागल्यापासून ते कामाच्या टेबलाशी फिरकले नव्हते. पुढे काउंटरवर बसायचे, घड्याळांना चाव्या द्यायचे, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे.

हे घड्याळ आलं तेव्हा त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं. हे तू एकटीने जोडायचं. नीट ठोके दिले तर दुकानाच्या किल्ल्या तुझ्या. नाहीतर शेजारचा चपलांचा दुकानदार केव्हापासून जागा मागतोय, त्याला देऊन टाकू आणि दोघंही मोकळे होऊ. हे ते रागाने बोलले असते तर बरं झालं असतं, राग उतरतो तरी. ते अगदी शांतपणे बोलले होते. आणि ग्रंथपालबाई आज संध्याकाळीच घड्याळ न्यायला येणार होत्या.

टॅब्लेट आईबरोबर गेला होता, मावशीकडे. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि तिचं घर इतकं लांब की जाऊन आणायचा विचारसुद्धा करू नये.

दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. चिमटीनेही लावला, पण बंद पडलेली कुठलीही वस्तू दिसली की तिला रडण्याआधी कुतूहल सुटतं. याला गुण म्हणा नाहीतर खोड. घड्याळ बंद पडलं की ती स्प्रिंगपासून काट्यांपर्यंत एकेक चाक हलवून बघते, जोर कुठवर पोचतो आणि कुठे अडतो. इथेही तेच करायचं तिने ठरवलं. समोरच्या चहाच्या कपाचा फोटो तिने आपल्या फोनवर काढला आणि कॉम्प्युटरकडे बघत बसली. थोड्या वेळात कप पडद्यावर हजर. म्हणजे फोन निर्दोष, कॉम्प्युटर निर्दोष. क्लाउडवर जागाही भरपूर. कुठे पाणी मुरत असेल तर टॅब्लेटमध्येच.

तिने आईच्या साध्या बटणांच्या फोनवर फोन लावला. आईने चष्मा शोधला, टॅब्लेट शोधला, मावशीला उशी दिली, मग चौकशी सुरू झाली. वायफाय आहे? आहे, मावशी त्यावर मालिका बघते. चार्जिंग? पुरेपूर. फोटो चढवायचं बटण चालू आहे? आहे की, निळं दिसतंय. मग खाली काय लिहिलंय? आईने अक्षर अक्षर लावून वाचलं, फोटो प्रतीक्षेत आहेत. कसली प्रतीक्षा, ते काही लिहिलेलं नव्हतं.

चिमटी म्हणाली, मग दोन-चार फोटो मेसेजवरच पाठव. त्यावर आईने ऐकवलं की मेसेज तर कधीचेच बंद पडलेत. आईला वाटलं होतं, सगळे आपल्यावर रुसलेत. बातम्या उघडल्या तर तो म्हणतो, कनेक्शन सुरक्षित नाही. हवामानाच्या जागी नुसती रेघ.

चिमटीच्या मनात चटकन एक शंका आली. मागे एका गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपचं घड्याळ बिघडलं होतं, तेव्हा त्याला इंटरनेटवर कुणी दारात उभं करत नव्हतं. तिने विचारलं, कोपऱ्यात किती वाजलेत बघ. आईने वाचलं. चिमटीने मान वर करून पाहिलं, तर भिंतीवरची झाडून सगळी घड्याळं तेच सांगत होती, मिनिटाचाही फरक नाही. घड्याळजीच्या घरातली वेळ चुकेल कशी? तिने ती शंका झटकून टाकली.

"मग त्याच्यावर चालतं तरी काय?" तिने विचारलं.

"खेळ चालतो," आई बोलून गेली.

"कसला खेळ? तू कधीपासून खेळायला लागलीस?"

मावशी हाक मारतेय, असं सांगून आईने फोन ठेवला. मावशीची हाक चिमटीला तरी ऐकू आली नव्हती.

आता मात्र तिला चैन पडेना. आतलं सगळं चालतंय, बाहेरचं कुणीच टॅब्लेटला ओळख देत नाही, आणि आई काहीतरी लपवतेय. ती खुर्चीतून उठली, परत बसली, आणि हाताला चाळा म्हणून दुरुस्तीला आलेलं एक मनगटी घड्याळ उचललं. काटे बरोबर चालले होते. तीनच्या आकड्याशेजारच्या चिमुकल्या खिडकीतली तारीख मात्र भलतीच होती. गिऱ्हाइकं नेहमी हेच करतात, वेळ लावतात आणि तारीख विसरतात.

आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आईला तिने वाजले किती ते विचारलं होतं. तारीख विचारलीच नव्हती, आणि तारीख चुकली तरी इंटरनेटवर कुणी दारात उभं करत नाही. घड्याळवाल्यांची नजर काट्यांवरून हलते कुठे? टॅब्लेटवर इतके फोटो काढले, दर वेळी कोपऱ्यातली वेळ भिंतीशी ताडून पाहिली, पण तारखेकडे एकदाही बघितलं नाही.

तिने पुन्हा फोन लावला. "आई, त्याच्यावर तारीख कुठली आहे?"

आई हळूच म्हणाली, "तारखेला हात लावू नकोस गं. यांचा खेळ बंद पडेल."

"बाबांचा?"

मग सगळं बाहेर आलं. डॉक्टरांनी बोटं हलती ठेवायला सांगितलं होतं, म्हणून दुपारी जेवायला घरी गेले की बाबा टॅब्लेटवर रंगीत खडे जुळवायचा खेळ खेळायचे. बोट थरथरायचं, खडा भलतीकडे जायचा, लाइफ, म्हणजे खेळायच्या संधी, संपायच्या. नव्या मिळायला तासन् तास थांबावं लागायचं. मग त्यांनीच शोधून काढलं की तारीख एक दिवस पुढे ढकलली की सगळ्या लाइफ भरून मिळतात. रोज ढकलत ढकलत ते पुढच्या वर्षात जाऊन पोचले होते. आता तारीख मागे घेतली, तर पुढची लाइफ ती तारीख खरोखर उजाडेल तेव्हाच मिळणार. त्यांनी आईला शपथ घातली होती, लेकीला कळता कामा नये.

"वेळेला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही हो," आई म्हणाली. "घड्याळ चुकीचं लावायचं, ते काही त्यांच्याने झालं नाही."

चिमटीला हसू फुटलं. बाबांचा तिला राग यायला हवा होता, पण त्या क्षणी तिला त्यांची नुसती माया आली. ती बाहेर काउंटरपाशी गेली. फोटो अडकलेत आणि ते का अडकलेत, हे तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. खेळाचं काय होईल तेही सांगितलं.

बाबा बराच वेळ हातातली चावी फिरवत राहिले.

"मला वाटलं होतं, बोट पुन्हा स्थिर होईल," ते म्हणाले. "वाचनालयाचं घड्याळ मी तुझ्याशेजारी बसून जोडणार होतो. नाही जमलं. म्हणून तुझ्या एकटीवर टाकलं."

"मग तसं सांगायचं ना, बाबा."

"तेच तर जमत नव्हतं." त्यांनी चावी खाली ठेवली. "जा, लाव खरी तारीख. खेळ गेला तर गेला."

आईकडून तारीख सुधारून घ्यायला फारसा वेळ लागला नाही. चिमटी कॉम्प्युटरसमोर बसली. आधी काहीच झालं नाही. मग एक फोटो उतरला, मग दुसरा, मग भराभर सगळे, आणि सगळे यादीच्या अगदी वर जाऊन बसले, कारण त्यांच्यावर तारीख होती पुढच्या वर्षीची.

मागे स्टूल सरकल्याचा आवाज झाला. बाबा कामाच्या टेबलाशी येऊन बसले होते, कित्येक दिवसांनी. त्यांनी पडद्याकडे निरखून पाहिलं. टेबल तेच, दिवा तोच, मागे घड्याळांची भिंत, आणि मध्ये डोळ्याला भिंग लावलेल्या लेकीचे हात.

"हे पुढच्या वर्षीचे?"

"तारीख तरी तेच म्हणते."

"म्हणजे पुढच्या वर्षी दुकान आहे," बाबा म्हणाले. "आणि टेबलावर तू आहेस." त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि पांढऱ्या कापडावर, चाकांच्या शेजारी ठेवला.

"बाबा, घड्याळ अजून जोडलेलं नाही."

"दिसतंय मला. जोड."

तिने चिमटा उचलला. शेवटच्या फोटोपासून उलट यायचं होतं, आणि माऊस बाबांनी आपल्या हातात घेतला. बोट थरथरून मधूनच दोन फोटो एकदम सरकायचे, मग ते एक परत आणायचे, आणि चिमटी तोवर चाक चिमट्यात धरून थांबायची. संध्याकाळी ग्रंथपालबाई दार उघडून आत आल्या तेव्हा घड्याळ ठोके देत होतं, आणि ते दोघं मान वर न करता मनातल्या मनात मोजत होते.