हळूहळू होणारं

"ग्रॅज्युअल म्हणजे हळूहळू होणारं. इतकं हळू, की होत असताना कळतसुद्धा नाही," देवयानीबाई सांगत होत्या. "माणसाला नाही म्हणायचं हां ग्रॅज्युअल, बदलाला म्हणायचं. सोमवारी प्रत्येकाने एक वाक्य करून आणा."

नौपाड्यातल्या या मराठी शाळेत एके काळी नववीच्या चार तुकड्या होत्या. आता अख्खी नववी पहिल्या दोन बाकांवर मावायची. यंदा पहिलीला मुलं मिळाली नाहीत तर शाळाच बंद, असं संस्थेने बजावलं होतं. म्हणून बाईंनी शाळा सुटल्यावर दारोदार हिंडायचं. जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्तीच्या तोंडावर हे भोग!

कोपरीत त्यांनी शेवंतीचं दार वाजवलं. तिची मेघाली नववीतच होती. धाकटा कान्हा यंदा पहिलीला जाणार होता. शेवंती मासळी विकून नुकती टेकली होती.

"गणवेश देऊ, पुस्तकं देऊ, रिक्षाचं भाडंसुद्धा आम्ही भरू," बाईंनी होती नव्हती ती सगळी आमिषं मांडली. "मातृभाषेत पाया पक्का होतो गं."

"खरा हाय तुमचा," शेवंती म्हणाली. "पन बाई, तुमचा साकेत कंच्या शालेत होता?"

आपल्या मुलाला, साकेतला, बाईंनी केजीपासून इंग्रजी शाळेत घातलं होतं. ते बघून शाळेतल्याच नीरजाबाईंनी आपली मुलगी घातली, मग स्टाफरूममधल्या सगळ्यांनीच. पोरं तिकडे, पगार इकडे! एकेकच तर मूल जात होतं, कुणाला काही वाटलं नाही.

"तवा नाय कोन बोल्ला, पाया कच्चा ऱ्हईल म्हनून," शेवंती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच बाईंना जास्त लागलं. "कान्हाचा नाव घातला आमी इंग्लिश शालेत. बसा, चाय ठेवते."

बाकीच्या दारांतूनही बाई हात हलवत परतल्या. सोमवारी प्रार्थना झाल्याझाल्या मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं, हे वर्ष शेवटचं.

"कसं हो एकदम असं झालं?" नीरजाबाई डोळ्यांना पदर लावून विचारत होत्या. देवयानीबाई वर्गावर गेल्या.

मेघालीने घरून आणलेलं वाक्य खोडून खाली नवं लिहिलं होतं: 'द एन्ड ऑफ अवर स्कूल वॉज नॉट ग्रॅज्युअल.' बाईंनी ते दोनदा वाचलं.

"ग्रामर चुकलं का, बाई?"

"नाही गं. ग्रामर बरोबर आहे तुझं."

त्यांनी पैकीच्या पैकी मार्क दिले. मग लाल पेनाने त्यातला 'नॉट' तेवढा खोडला.