उसना कचरा

केंद्राच्या पैशातून गावाला झाकणवाल्या कचराकुंड्या मिळून वर्ष झालं होतं. आज त्या बघायला ऑडिटर येणार होते. ग्रामसेवक अमरेशचा जीव टांगणीला लागला होता. बायको-पोरं सोलापुरात. कशीबशी तिकडं बदली झालेली. पण ऑडिटमधे एक जरी आक्षेप निघाला, तर मंगळवेढ्याकडच्या या गावातून सुटका नाही.

आणि कुंड्या भरल्या होत्या. ज्वारीनं.

"झाकण लई घट्ट बसतंय, भाऊसाहेब," बजाबाई म्हणाली. "उंदीर न्हाय, किडा न्हाय. सरकारनं पयल्यांदाच कामाची वस्तू दिली की!"

"अवो मावशी, ती कचऱ्याला दिलीया!"

"येवढ्या चांगल्या डब्यात कचरा? डोकं फिरलंय व्हय तुमचं?"

हातापाया पडून त्यानं कुंड्या रिकाम्या करून घेतल्या, चावडीपुढं मांडल्या. तेवढ्यात ऑडिटर साहेबांचा गाडीतून फोन आला. "कुंड्या वापरात दिसायला हव्यात हां. रिकामी कुंडी म्हणजे निष्फळ खर्च."

अमरेश कचरा शोधत गावभर पळाला. पण साहेब येणार म्हणून बायकांनी पहाटेच गाव झाडून, सगळा केर पेटवून दिला होता. रस्त्यावर काडी सापडेना!

शेवटी त्यानं शेजारच्या गावच्या ग्रामसेवकाला, दिग्विजयला, फोन लावला. "मर्दा, एक ट्रॉली कचरा दे. उसना."

ट्रॉली आली, कुंड्या भरल्या, पाठोपाठ साहेबही आले. वास घेऊन खूश झाले. "अस्सल वापर आहे!" म्हणत ते शेवटच्या कुंडीमागं वाकून फोटो काढायला लागले. अमरेशनं श्वास सोडला.

तोच दिग्विजयची मोटारसायकल धुरळा उडवत आली.

"अमऱ्या, आमचा कचरा दे माघारी! साहेब हितनं थेट आमच्याकडं येणार हायत!"

साहेब कुंडीमागून हळूहळू उभे राहिले.

"न्या की बाबा लवकर," बजाबाई म्हणाली. "आमची ज्वारी उघड्यावर पडलीया."

साहेबांनी तिथंच शेरा लिहिला: 'गाव स्वतःचा कचरा स्वतः निर्माण करीपर्यंत ग्रामसेवकास कार्यमुक्त करू नये.'

गाडी गेली. अमरेशनं चहाबरोबर आणलेल्या बिस्किटाचा रिकामा पुडा चुरगाळला आणि त्वेषानं रस्त्यावर फेकला.

बजाबाईनं तो वरच्या वर झेलला.

"शिकल्याली माणसं तुमी! घाण करू नगा की!"