भागूबाईवरचा आळ

मिरजगावात त्या दिवशी बाजार होता. गहिनीनाथची विधवा भावजय भागूबाई अंगणात मटकी निवडत बसली होती. उठायला गेली आणि तिथंच कोसळली. लुगडं रक्तानं भिजलं होतं. धाकटी जाऊ, गहिनीनाथची बायको रतनबाई धावली. सावरताना तिचा हात भागूबाईच्या ओटीपोटावर पडला आणि चटका बसावा तसा मागे आला. पोट कठीण, फुगलेलं लागलं.

"आक्का, हे काय?"

"लई दिस झालं, दर म्हैन्याला असंच हुतं. आतडी पिळून निघत्यात. रंडकीनं असलं कुनाला सांगावं?"

दारातून शेजारणीनं एवढंच पाहिलं: रक्त आणि फुगलेलं पोट. नवरा जाऊन सात वर्षं झालेली. दिवेलागणीपर्यंत गावानं निकाल देऊन टाकला. भागूबाईनं पोट पाडलं.

"वैनी, नाव सांगा त्याचं," गहिनीनाथ उंबऱ्यातून ओरडला.

"कुनाचं नाव सांगू, भाऊजी?"

त्यानं तिची वाकळ गोठ्यात टाकली. भाकरी लांबून सरकवायची, एवढाच संबंध उरला. पाळी आली की तिचं कण्हणं घरात ऐकू यायचं. "पाप बोलतंय," गहिनीनाथ म्हणायचा. संशय रतनबाईलाही होता. पण पोट पाडलं असेल तर रक्त पुन्हा पुन्हा असं का वाहतंय, हे तिला कळेना. शेवटी नवरा परगावी गेलेला पाहून तिनं जावेला सर्व्हिस मोटारीत घातलं आणि नगरला बायकांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर विजयाबाईंनी नीट तपासलं.

"हा गर्भ नव्हे. गर्भपिशवीची भिंतच जाड झालेली दिसतेय. आतलं अस्तर भिंतीत शिरतं आणि दर महिन्याला तिथंच रक्त साकळतं. पिशवी काढली की दुखणं थांबेल. पण यांच्या अंगात रक्त राहिलंय कुठं? इतके दिवस काय करत होतात?"

भागूबाईनं डोळे उघडले.

"म्हंजी माजं पाप न्हवतं?"

"नाही हो. आजार आहे."

"रतन, ऐकलंस न्हवं?"

शस्त्रक्रिया झाली. काढलेली पिशवी चिरून विजयाबाईंनी रतनबाईला दाखवली. भिंत जाडजूड, तिच्यात रक्ताचे काळे ठिपके. गर्भाची खूणही नव्हती. पण झिजलेल्या देहाला शस्त्रक्रिया सोसली नाही. तिसऱ्या सकाळी भागूबाई गेली.

घरी भावकी जमली. "झालं गेलं मातीला मिळालं. आता वाच्यता नको," गहिनीनाथ म्हणाला.

रतनबाई पुरुषांपुढे कधी बोलली नव्हती. पदर सावरून ती पुढे आली.

"मातीला आक्का मिळाल्या. आळ न्हाई मिळाला. त्यांच्या पोटात पोर न्हवतं, दुखनं हुतं. दवाखान्यात न्यायचं सोडून आपन त्यांला गोठ्यात घातलं."



संध्याकाळी आडावर खाजाभाई पिंजाऱ्याची बायको शमशाद तिच्याजवळ सरकली. इकडंतिकडं बघत म्हणाली, "रतन, माज्या लेकीला बी लई रगत जातंय गं. लाजंपायी बोलत न्हाई."

"उद्याच निघू," रतनबाई म्हणाली, आणि घागर तशीच सोडून आक्कासाठी पहिल्यांदा मोठ्यानं रडली.