आतलं कापड

तिने चपला काढल्या, पर्स खुर्चीवर ठेवली, हातातलं घड्याळही उतरवलं आणि पुन्हा वजनकाट्यावर उभी राहिली. काटा तिळभरही मागे सरला नाही.

"तुमचा काटा बिघडलाय," ती म्हणाली.

डॉक्टरीण तिच्या मुलीच्या वयाची होती. तिने हसू दाबलं आणि स्वतः काट्यावर उभी राहून दाखवलं. काटा ठणठणीत होता.

"असं कसं होईल? हा ड्रेस बघा. गेल्या वर्षीचा आहे. तेव्हा बसत होता, आजही बसतोय. वजन वाढलं असतं तर बटणं तटातट तुटली नसती का?"

"काकू, थायरॉइडची गोळी घेताय ना रोज?"

ती खाली वाकून चपला घालू लागली. सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची आणि मग चहासाठी ताटकळत बसायचं. चहाशिवाय तर तिचा दिवसच उजाडत नसे. कपडे बसतायत म्हणजे वजन जागच्या जागी, वजन जागच्या जागी म्हणजे आजार आटोक्यात, असा निकाल तिने परस्पर लावून टाकला होता. आधी गोळी एक दिवसाआड झाली, मग आठवेल तेव्हा, आणि पुढे आठवायचीही बंद झाली. सारखी थंडी वाजायची, दुपारी बसल्या जागी डोळे मिटायचे, आवाज घोगरा झाला होता. त्याचं खापर तिने वयावर फोडलं होतं.

"गोळी म्हणजे जादू नाही," डॉक्टरीण म्हणाली. "थोडं वजन उतरेल, थोडं कदाचित राहीलही. त्यासाठी चालायचं, खाणं सांभाळायचं. पण गोळीच सोडली तर हृदयावर ताण येतो, काकू. नाडी बघा तुमची, किती मंद चाललीये."

घरी आल्यावर तिने ड्रेस उतरवला आणि उलटा केला. उभं आयुष्य नवऱ्याच्या शिवणकामाच्या दुकानात काज-बटणं करण्यात गेलेलं. टाका तिला फसवू शकत नव्हता. बगलेपासून कमरेपर्यंत जुन्या शिलाईच्या भोकांच्या दोन बारीक रांगा होत्या आणि त्यांच्या पलीकडे, कापडाच्या काठाच्या थोडं अलीकडे, नवी टीप. म्हणजे एकदा नव्हे, दोनदा उसवून ड्रेस सैल केला होता. तिने कपाटातला दुसरा ड्रेस काढला, मग तिसरा. सगळीकडे तीच कथा. इस्त्री तिचे यजमान, म्हणजे मास्तरच करत, त्यामुळे तिला पत्ताच लागला नव्हता.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मास्तर कुणाच्या तरी कोटावर खडूने खुणा करत होते. तिने तिन्ही ड्रेस त्यांच्यापुढे टाकले.

"हे काय आहे?"

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "टीप आहे."

"ते दिसतंय मला. कोणाला विचारून मारलीत?"

गिऱ्हाइकांशी तासन्‌तास गप्पा हाणणाऱ्या मास्तरांची बायकोपुढे दातखीळ बसे. त्यांनी कोटाची बाही उगीच सरळ केली. मग ते म्हणाले, "भाचीच्या लग्नात तुझी मावशी म्हणाली ना, ओळखलंच नाही गं तुला, म्हणून. घरी येऊन तू जेवली नाहीस. मला बघवेना. म्हटलं, झाकली मूठ..."

"सव्वा लाखाची, हो का? अहो, आजार मला आणि इलाज कपड्यांवर?" तिचा आवाज चिरकला. "मी त्या कपड्यांवर विसंबून गोळ्या सोडल्या. डॉक्टरीण म्हणाली, हृदयाशी खेळ आहे."

मास्तरांच्या हातातला खडू खाली पडला.

"तू गोळ्या सोडल्यास?"

"तुम्ही मला सांगितलं नाहीत, मी तुम्हाला सांगितलं नाही. फिट्टंफाट."

ते स्टुलावर बसले. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि चोळू लागले, जणू सगळा दोष त्या हाताच्या गारव्याचाच होता. ती रागावली होती खरी, पण हात काढून घ्यावासा तिला वाटला नाही. लपूनछपून उसवत बसलेला हा माणूस तिच्या डोळ्यांपुढे आला आणि तिला भरून आलं.

"कात्री घ्या," ती म्हणाली. "आत उरलंय ते कापड कापून टाका. पुन्हा मोह नको."

"ते नाही कापणार. नवा शिवतो. आज जे माप आहे, त्या मापाचा."

"आणि ढिला झाला तर?"

"तुझ्यासमोर आत घेईन."

"आणि घट्ट झाला तर?"

अख्ख्या गावाची मापं खणखणीत आवाजात पुकारणारे मास्तर पडलेला खडू उचलायला वाकले. बाहेरून कुणीतरी हाक मारली, त्या हाकेला त्यांनी ओ दिली नाही.

"तर तुला सांगेन," ते म्हणाले.

तिने त्यांच्या गळ्यातली टेप काढून त्यांच्या हातात दिली आणि दोन्ही हात बाजूला पसरून उभी राहिली.