डावा बूट

भिंगरीनं आजारी पडण्यात चांगलंच नाव कमावलं होतं. सहावीच्या वर्गात गणिताची चाचणी असली की हिचं पोट दुखायचं, कवायत असली की घोटा मुरगळायचा, आणि निबंध असला की डोळ्यांपुढे अंधारी यायची, तीही नेमकी शीर्षक लिहून झाल्यावर. शाळेत आजारी मुलांसाठी एक छोटी खोली होती. तिथे एक खाट होती आणि खाटेशेजारी विणकाम करत बसलेल्या मावशी. मावशी कपाळाला हात लावायच्या, लिंबाची गोळी द्यायच्या आणि पुन्हा सुया हातात घ्यायच्या. भिंगरी लगेच दुसरी गोळी मागायची. मावशी तीही द्यायच्या. वर्गाच्या बाईंनी मात्र या पोरीपुढे केव्हाच हात टेकले होते.

आणि अशा या भिंगरीवर, नेमकं सहलीच्या सकाळी, खरंखुरं आजारी पडायची वेळ आली.

सहल अग्निशमन केंद्राची होती. तिथे भिंतीवर हाताने फिरवायचा जुना भोंगा होता, आणि आलेल्या शाळेतल्या एकाला तो वाजवायला मिळायचा. वर्गात चिठ्ठ्या टाकल्या, भिंगरीची निघाली, मॉनिटरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तेव्हापासून आठ दिवस भिंगरीनं दाराच्या मुठीपासून शार्पनरपर्यंत घरात जे फिरेल ते फिरवून सराव केला होता. आणि बाईंनी आदल्या दिवशी बजावलं होतं, “ज्याला बरं वाटत नसेल त्यानं मावशींबरोबर बसमध्ये बसून राहायचं. खाली उतरायचं नाही.” हे सांगताना त्या कोणाकडे बघत होत्या ते सगळ्या वर्गाला कळलं.

सकाळी तोंड कडू, डोकं जड आणि पोटात नुसतं ढवळत होतं. ताप आल्याचं सोंग करायचं तर भिंगरी गरम पाण्याची पिशवी कपाळाला लावायची. आज तिनं न्हाणीघरात गार पाण्यात रुमाल बुडवून पंधरा मिनिटं कपाळावर धरला. बाबांनी निघताना सवयीनं हात लावून पाहिला.

“गार आहेस की अगदी,” बाबा म्हणाले. “मग आज नाटक कुठलं?”

“कुठलंच नाही,” भिंगरी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती धडधाकट असल्याचं नाटक करत होती, आणि ते भलतंच अवघड होतं.

बसमध्ये तिनं खिडकीची जागा मॉनिटरला देऊन टाकली. मॉनिटरनं आधी सीटवर च्युइंगम चिकटवलंय का ते नीट तपासलं, मगच ती बसली. भिंगरी गप्प होती, कोणाच्या वेण्या ओढत नव्हती. बाई मागे वळून म्हणाल्या, “बघा, माणूस सुधारू शकतो.” मावशी लिंबाच्या गोळ्या वाटत आल्या.

“नको मावशी,” भिंगरी म्हणाली. “दुसऱ्या कोणाला तरी द्या.”

मावशींनी तिच्याकडे एकदा निरखून पाहिलं आणि त्या पुढे गेल्या.

केंद्रात मोठाल्या मिशांच्या एका जवानानं त्यांना सगळं दाखवलं. बंब, नळ्या, वरच्या मजल्यावरून खाली येणारा गुळगुळीत खांब. भोंगा कोण वाजवणार ते त्यानं विचारलं आणि भिंगरीचे हात पाहिले. “बारीक आहेत, पण चालतील. पहिली दोन वळणं जड जातात, मग तो आपोआप धावतो. दमलीस तरी मूठ सोडायची नाही.” एवढ्या आपुलकीनं तिच्याशी महिनाभरात कोणी बोललं नव्हतं. तिला तो फार आवडला.

मग बंबावरची शिडी उघडायला लागली. बेचाळीस मुलांच्या आणि बाईंच्या माना वर झाल्या, आणि भिंगरीच्या पोटातलं सगळंही वर यायला निघालं. स्वच्छतागृह बाईंच्या पलीकडे होतं. लादी अशी लख्ख की लपवायला जागा नाही. ती तोंडावर हात दाबून बंबाच्या मागे पळाली. तिथे भिंतीपाशी बुटांच्या चार जोड्या ओळीनं उभ्या होत्या. प्रत्येक जोडीवर जाडजूड विजार गुंडाळून ठेवलेली, बुटांची तोंडं आ वासलेली. विचार करायला वेळच नव्हता. तिसऱ्या जोडीतला डावा बूट तिनं गाठला. एक थेंब बाहेर सांडला नाही. विजारीची घडी होती तशी बसवून, तोंड पुसून ती रांगेत येऊन उभी राहिली. जुने बूट असतील, टाकून देणार असतील, असं तिनं मनाला समजावलं. खरं तर आता तिला बरंच हलकं वाटत होतं.

“आता ऐका,” मिशीवाले काका म्हणाले. “आम्ही चौघं वर जाऊन बसतो. भोंगा झाला की खांबावरून घसरत खाली, आणि थेट बुटात पाय. विजार वर ओढली की तयार. बुटात बघत बसायला वेळ नसतो, म्हणून ते असे मांडून ठेवायचे. माझे ते तिसरे.”

चौघं जिना चढून गेले. तिनं भोंग्याची मूठ धरली. मूठ थंड होती, हातात छान बसत होती, आठ दिवस स्वप्नात दिसली होती तशीच. दोन वळणं, की मग तो आपोआप धावणार. आणि काका थेट बुटात पाय घालणार.

“बाई,” ती म्हणाली, “माझं पोट दुखतंय.”

वर्ग खो खो हसला. बाईंनी डोळे मिटले. “आज तरी नको गं. ऐन वेळी घाबरलीस ना? फिरव ती मूठ.”

“खरंच दुखतंय. शप्पथ.”

“मागच्या सोमवारीही शप्पथच होती,” बाई म्हणाल्या. “नसेल जमत तर मॉनिटर वाजवेल.”

मॉनिटर पुढे येऊन उभीच होती. भिंगरीला वाटलं, आपण मूठ फिरवावी आणि नंतर काय व्हायचं ते होवो. बूट कोणी घाण केला हे कोणाला कळणार होतं? मग तिला त्या मिशा आठवल्या आणि स्वतःचाच राग आला. तिनं मूठ सोडली आणि बंबामागे धावली.

भोंगा घुमला. मॉनिटरनं काही कसर ठेवली नाही. चार जवान खांबावरून धपाधप उतरले. तिघांनी बुटात पाय घातले. चौथ्याच्या बुटांना मिठी मारून एक पोरगी जमिनीवर बसली होती.

“बाजूला हो पोरी.”

“काका, नका घालू. डाव्यात मी ओकलेय.”

नेमका तेवढ्यात भोंगा थांबला होता, त्यामुळे हे वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. काकांनी बुटात डोकावलं आणि मान मागे घेतली. मावशी मात्र सरळ आल्या आणि भिंगरीच्या कपाळाला हात लावला.

“तापलीय. बसमध्येच कळलं होतं मला.”

“मग बोलला का नाहीत?” बाईंनी विचारलं.

“खोटी आजारी असायची तेव्हा तरी कुठे बोलले? म्हटलं, भोंगा वाजवून घेऊ दे. मी पिशवी घेऊन मागे निघालेच होते, पण तोवर ही तोंड पुसून परतही आली. बूट गाठलाय हे मला आत्ता कळतंय.”

बाई खाली वाकल्या. “मी विश्वास ठेवायला हवा होता,” त्या हळूच म्हणाल्या. भिंगरीला एकदम रडूच आलं.

काकांनी बूट नळाखाली धुतला, दोनदा धुतला, वास घेऊन तिसऱ्यांदा धुतला. मग जागेवर उभा केला आणि भिंगरीकडे वळून म्हणाले, “धुतलेला बूट एकदा पाय घालून बघावा लागतो. आणि भोंगा झाल्याशिवाय आम्ही बुटात पाय घालत नाही. तसा नियमच आहे.” बाकीचे तीन जवान एकमेकांकडे बघत राहिले. असा नियम त्यांच्या ऐकण्यात नव्हता.

काका वर गेले. मावशींनी भिंगरीला मागून धरलं. पहिली दोन वळणं खरंच जड गेली. मग भोंगा धावला, आणि काका ओल्या बुटात पचकन उतरले.

परतीच्या वाटेवर भिंगरी पुढच्या सीटवर मावशींच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. अर्ध्या वाटेत तिनं डोळे उघडले.

“मावशी, गोळी आहे?”

मावशींनी काढून दिली.

“अजून एक.”

मावशींनी मागे वळून बाईंना सांगितलं, “उतरतोय ताप.”