गाडीभर शेणखत

घेवड्याची पानं मुठीसारखी आवळून आली, तेव्हा आत्याने पहिला संशय माझ्यावर घेतला. "पाणी जास्त घातलंस." मग टोमॅटोचे शेंडे वळले, वाटाणा पिवळा पडला, तेव्हा कुठे तिने माझा पिच्छा सोडला. तोवर समितीची पाहणी तोंडावर आली होती.

आत्या आणि तिच्या सोबत्यांनी तरुणपणी ही बंद कारखान्याची पडीक जागा ताब्यात घेतली. लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला आणि शेवटी सरकारकडून कायदा पदरात पाडून घेतला: विषाशिवाय कसेल त्याला जागा, पण वाफे हिरवे असतील तोवरच. ते बघायला दरवर्षी सरकारी समिती यायची. मग विजय पचेना. ट्रॅक्टर चालेल की नाही यावरून चळवळीचे तीन तुकडे झाले आणि तिन्ही एकमेकांचं तोंड बघेनात. आमच्या तुकड्यात उरलो आत्या आणि मी. वाफ्यांच्या कडेच्या दोन खोल्या हेच आमचं घर. जागा गेली की घर गेलं, आणि आत्याचं सगळं आयुष्यच गेलं. बिल्डर तर कुंपणापाशी गाडी लावून टपलेलाच असायचा.

घात केला शेणाने. आत्याच्या लेखी पिशवीतलं खत म्हणजे पाप आणि शेण म्हणजे पुण्य. पुण्याची चौकशी कोण करतं? आमचं कुजखत कमी पडलं म्हणून तिने दूधवाल्याकडून गाडीभर शेणखत मागवलं आणि एकूणएक वाफ्यात पसरलं. उरलेल्याचा ढीग दाराशी. मी दूधवाल्याला गाठलं.

"ताई, माझ्या गाई ठणठणीत आहेत," तो म्हणाला. "वैरण तेवढी बाहेरची घेतली. ती कापतात त्या कुरणात तणनाशक मारतात म्हणे, पण गवताला काही होत नाही त्याने."

गवताला होत नाही, गाईलाही होत नाही. ते विष गाईच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं आणि घेवडा, टोमॅटो मारतं. पुन्हा पेरलं तरी तेच. माती निवळायला वर्षं लागतात. हे मी सांगितल्यावर आत्या हमसून हमसून रडली. मला तिचा संताप आला होता. कीव फार नंतर आली.

समिती यायच्या सकाळी उठले तर आत्या वाफ्यात वाकलेली. रोपवाटिकेतून टोमॅटोची रोपं आणली होती आणि प्लास्टिकच्या कुंड्यांसकट गाडत होती, मुळांना आमची माती लागू नये म्हणून. जन्मात कधी बाजारच्या रोपाला हात न लावलेली बाई!

"बघतेस काय? हात चालव."

मी चालवले.

समितीच्या बाई वाफे बघून हरखल्या. पेन काढून सही करता करता म्हणाल्या, "या वाफ्यांना घातलेल्या खताचाच हा ढीग ना? गाडी पाठवते. सगळ्या शेतांना वाटू या."

सगळ्या म्हणजे त्या दोन तुकड्यांच्या शेतांनाही. आत्याला भर सभेत गद्दार म्हणणारे ते! मी आत्याला डोळ्यांनी खुणावलं: गप्प बस.

आत्याने वाकून एक रोप उपटलं. कुंडी वर आली.

"हे खत कोणाला देऊ नका. विषारी आहे."

बाईंनी सही अर्धवट टाकून पेनाला टोपण लावलं.

सामान बांधताना मी आत्याला नाही नाही ते बोलले. "सही होऊ द्यायची होतीस! गाडी येईपर्यंत आपण ढीग पुरून टाकला असता. संपलं म्हणून सांगितलं असतं. कोणाचंच वाईट झालं नसतं!"

ती चादरीची घडी घालत होती. हात थांबले.

"खरंच गं," ती म्हणाली. "मला सुचलंच नाही. सुचलं असतं तर गप्प बसले असते."