तीन जूनचा होमरन

ओडेल क्रांट्झ एप्रिलमध्ये घरी आला तेव्हा मर्लला जाऊन नऊ आठवडे झाले होते. ओडेल माझा जुना विद्यार्थी, रसायनशास्त्रात जेमतेम पास झालेला. गेली बावीस वर्षं तो आमच्या गावच्या बेसबॉल मैदानावर निवेदक आहे. प्रत्येक सामन्याआधी तो 'आजच्या दिवशी' म्हणून एक यादी वाचतो, या तारखेला या मैदानावर पूर्वी काय घडलं त्याची. तीन जूनच्या यादीत तीन गोष्टी आहेत. १९३८ साली एका पिचरने एकट्याने सतरा डाव चेंडू टाकले. १९५४ साली एक कुत्रा चेंडू घेऊन पळाला. आणि १९७१ साली माझ्या नवऱ्याने, मर्ल हेवरकँपने, मारलेला होमरन कुंपणापलीकडे ओट्सच्या ट्रकमध्ये पडला आणि चेंडू पुढच्या गावच्या गिरणीत सापडला.

ओट्स आमच्याकडे ऑगस्टच्या सुमारास निघतात. तीन जूनला ते हिरवे असतात. गावात हे सगळ्यांना माहीत आहे, पण जूनमध्ये ट्रकभर ओट्स आले कुठून, हे कुणी कधी विचारलं नाही.

त्या होमरनची पितळी पाटी मैदानाच्या भिंतीवर लावायची होती. ओडेलने मजकुराचा कागद माझ्यापुढे ठेवला.

"तारीख चुकली आहे," मी म्हटलं.

"वाटलंच मला, बाई. तुम्ही लाल पेन काढल्याशिवाय राहायच्या नाहीत."

मग त्याने मला ठाऊक असलेलंच सांगितलं. तीन जूनला बरोबरी असताना आठव्या डावात मैदानावरचे दिवे गेले. समोरचा संघ लांबचा होता, म्हणून उरलेला सामना ते पुन्हा आले तेव्हा, बारा ऑगस्टला, खेळवला. मर्लला तेव्हा फलंदाजीला पाठवलं आणि त्याने तो होमरन मारला. पण थांबवलेला सामना कधीही पूर्ण होवो, नोंदीत तो सुरू झाला त्याच दिवशीचा धरतात.

"तीन जूनला मर्ल मैदानावर नव्हता."

"संघाच्या वहीत तसंच आहे. गैरहजर. कारण लिहिलेलं नाही." त्याने कप खाली ठेवला. "तुम्ही म्हणत असाल तर बारा ऑगस्ट घालतो. आकडेवारीवाले माझं डोकं खातील, खाऊ देत. तसंही आत फारसं काही नाही, हे तुम्हाला माहीतच आहे."

पाटीचं ओतकाम शुक्रवारी होतं. गुरुवारी सांगते, असं मी म्हटलं.

कारण असं होतं. दोन जूनला दुपारी पावणेदोनला आमची मुलगी जन्मली. तीन जूनला रात्री पावणेनऊला ती गेली. एकतीस तास. नाव ठरलं नव्हतं. दफनाचं सगळं आम्ही बघतो, असं हॉस्पिटलने सांगितलं आणि आम्ही सही केली. तेव्हा तशीच पद्धत होती. मर्लने संघात सांगितलं की बायको आजारी आहे. मैदानावरचे दिवे गेले तेही पावणेनऊच्याच सुमारास, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळलं.

त्यानंतर तीन जूनला इथे सामना असला की मर्ल जायचा. यादी वाचली जायची, लोक टाळ्या वाजवायचे, तो टोपी उचलायचा. मी घरी असायचे. त्याने त्या दिवसावर दुसरं काहीतरी ठेवून तो झाकून टाकला आहे, असं माझं मत होतं. मी ते बोलले नाही. रागही आला नाही. तापमान टिपून ठेवावं तसं ते मत माझ्याकडे होतं.

बुधवारी मी त्याची खोकी उतरवली. मर्ल प्रत्येक सामन्याचं स्कोअरकार्ड पेन्सिलने भरायचा, खेळाडूला एक ओळ, डावाला एक रकाना. तीन जूनची अडतीस कार्डं निघाली. सगळ्यांत सात रकाने भरलेले, आठवा कोरा, नववा पुन्हा भरलेला. तुलनेसाठी मी इतर तारखांची शंभर कार्डं पाहिली. त्यांत एकही रकाना कोरा नव्हता.

मी ओडेलला फोन केला आणि विचारलं, तीन जूनला आठव्या डावात मर्ल काय करायचा.

"उठून जायचे. त्या दिव्याच्या खांबापाशी उभे राहायचे, डाव संपेपर्यंत. आम्ही चिडवायचो, मर्लकाका फ्यूज तपासायला निघाले."

"तो काय म्हणायचा?"

"म्हणायचे, कुणीतरी लक्ष ठेवायला हवं."

स्वयंपाकघरात फ्रिज चालू झाला आणि बंद झाला.

"तारीख तीन जूनच राहू दे," मी म्हटलं.

"नक्की ना, बाई? मग पितळेवर खोडता येणार नाही."

"नक्की."

ती तारीख दुसरीकडे कुठेही कोरलेली नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.

तीन जूनला पाटी लागली. मानाचा पहिला चेंडू मी टाकला, तो अर्ध्यातच पडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुंपणापलीकडे ओट्स हिरवे होते. मी मर्लच्या जागेवर बसून कार्ड भरलं. काही खुणा चुकल्या असतील. सातवा डाव संपल्यावर पेन्सिल ठेवली, पायऱ्या उतरून खांबापाशी गेले आणि वर पाहिलं.

सगळे दिवे चालू होते.